पेलागॉर्निस आणि त्याचं कुळ : हाडाच्या दातांचे समुद्रपक्षी

पुळणवाट

गेल्या जुलैत तीन दिवस वारा थांबला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी गुहागरच्या पुळणीवर एक फ्रिगेट पक्षी पडलेला दिसला. वादळाने समुद्रावरून ढकलत आणलेला. पंख पसरले की सहा फूट, आणि पाय इतके आखूड की सपाट वाळूवरून त्याला उठताच येईना. पंख उघडले की त्यांची टोकंच वाळूला लागायची. आमच्या वाडीतल्या एका मासेमार काकांनी त्याला गोणपाटात गुंडाळून होडीच्या सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी खडकावर नेऊन वाऱ्याकडे तोंड करून सोडलं. त्याने पंख फडफडवले असं म्हणताच येणार नाही. नुसते पसरले, आणि वाऱ्याने त्याला अलगद वर घेतलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. सहा फुटांच्या पंखांची ही अवस्था, तर याच्या तिप्पट पंखांचा पक्षी काय करत असेल? असा पक्षी होऊन गेलाय, म्हणून हा धागा.

१९८३ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात चार्ल्सटनच्या विमानतळावर नव्या टर्मिनलचं खोदकाम चालू होतं. तिथे चार्ल्सटन म्युझियमचे एक स्वयंसेवक, जेम्स माल्कम, यांना काही हाडं दिसली. पंखाची हाडं इतकी मोठी होती की ती काढायला खोदयंत्र लावावं लागलं. हाडं म्युझियमच्या खणात गेली आणि पाव शतकाहून जास्त काळ तिथेच राहिली. २०१० मध्ये डॅनियल सेप्का या संशोधकाने ती पाहिली आणि २०१४ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. उत्खनन करवून घेणारे म्युझियमचे जुने अभिरक्षक अल्बर्ट सँडर्स यांच्या नावावरून पक्ष्याला नाव मिळालं पेलागॉर्निस सँडर्सी. वय सुमारे २.५ कोटी वर्षं, पंखांचा विस्तार सात मीटर. दंडाचं एकच हाड जवळजवळ मीटरभर! आजच्या पक्ष्यांत सर्वांत लांब पंख भटक्या अल्बट्रॉसचे, तेही साडेतीन मीटरपर्यंत.

हा एकटादुकटा पक्षी नव्हता. पेलागॉर्निथिडी नावाचं अख्खं कुळ होतं. ६.२ कोटी वर्षांपूर्वीपासून २५ लाख वर्षांपूर्वीपर्यंत ते टिकलं, म्हणजे जवळजवळ सहा कोटी वर्षं. न्यूझीलंड, चिली, पेरू, कॅलिफोर्निया, जपान, इंग्लंड, फ्रान्स, मोरोक्को, नायजेरिया, अंटार्क्टिका असे सातही खंडांच्या किनाऱ्यांवर त्यांचे अवशेष सापडलेत. आणि तरी आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? डायनासोर पहिलीतल्या पोरालाही पाठ असतात. मला या पक्ष्यांबद्दल खरंच वाईट वाटतं.

त्यांची दुसरी खूण म्हणजे दात. चोचीच्या दोन्ही कडांना करवतीसारखे टोकदार दात. पण ते दात नव्हेत, जबड्याच्या हाडालाच फुटलेले सुळे. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, नाहीतर मूळ लेखच फार लांबेल.

कुणाला या पक्ष्यांच्या उडण्याबद्दल वाचून माहीत असेल तर जरूर लिहा. मला तेच समजून घ्यायचंय.

आंबेघाट

अप्रतिम विषय, पुळणवाटताई. फ्रिगेटचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

एक शंका. पक्ष्यांना दात नसतात असं शाळेत शिकलो. मग यांना कुठून आले? ‘दात नव्हेत, सुळे’ म्हणजे नेमकं काय?

पुळणवाट

@आंबेघाट, शंका अगदी बरोबर आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांना खरे दात होते. जबड्यात खाच, त्या खाचेत बसलेला दात, आत डेंटिन, वर इनॅमल. ते घडवणारी जनुकं पक्ष्यांच्या वंशात फार पूर्वी, दहा कोटी वर्षांहूनही आधी, निकामी झाली. आजच्या पक्ष्यांत त्यांचे मोडके अवशेष तेवढे सापडतात. पेलागॉर्निथिड हे त्या बिनदाती पक्ष्यांचेच वंशज.

मग निसरडं भक्ष्य धरायचं कसं? यांच्या जबड्याचं हाडच वाढून टोकदार झालं. सुळा आतून पोकळ, बाहेरून चोचीच्या शिंगासारख्या आवरणाने मढवलेला. डेंटिन नाही, इनॅमल नाही, मुळं नाहीत. एक मोठा सुळा, मध्ये लहान सुळे, पुन्हा मोठा, अशी ठरलेली रांग असते.

मला सगळ्यांत विलक्षण वाटलं ते पुढचं. अँत्वान लुशार आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतल्या जातीचे जबडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की सुळे पक्ष्याच्या वाढीत फार उशिरा, जबडा जवळजवळ पूर्ण वाढल्यावर फुटत. आणि सुळ्यांची ही रांग खऱ्या दातांच्या रांगेच्या नियमांशी जुळते. म्हणजे ‘इथे दात हवा’ हा जुना निरोप ऊतींत कुठेतरी शिल्लक असावा आणि तो दात घडवणाऱ्या पेशींऐवजी हाड घडवणाऱ्या पेशींनी ऐकला असावा, असं त्यांनी २०१८ मध्ये मांडलं. दात हरवले, पण दातांचा आराखडा राहिला होता. हे वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

कॅरोलिनाकर

अहो, या विमानतळावर मी महिन्यातून दोनदा उतरतो! बारा वर्षं झाली इथे येऊन, आणि आपण कशावर उतरतोय ते आज एका मराठी धाग्यावर कळलं. पत्नीला लगेच वाचून दाखवलं.

इथल्या मातीबद्दल थोडं सांगतो. चार्ल्सटनचा सगळा भाग सपाट, समुद्राला लागून, आणि खालचे थर जुन्या समुद्रतळाचे आहेत. कुठेही खोदलं की शार्कचे दात निघतात. मुलांना घेऊन ओढ्यात चाळणी लावून बसायचं, हा इथला रविवारचा उद्योग. मुलाने जमवलेली बरणी भरलेली आहे. आता त्यातलं प्रत्येक हाडाचं तुकडं मी नव्याने बघणार.

चक्रीदोर

मी यंत्र अभियंता आहे आणि छंद म्हणून ग्लायडर उडवलेत, त्यामुळे उडण्याच्या मुद्द्यावर थोडं लिहितो.

पक्षी आकाराने दुप्पट केला तर वजन आठपट होतं. पंख मारत हवेत राहायला लागणारी शक्ती त्याहूनही वेगाने वाढते, पण स्नायूंची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. कुठेतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. २००९ मधल्या एका अभ्यासात अल्बट्रॉस आणि त्याच्या नातेवाईक पक्ष्यांवर यंत्रं बसवून मोजमाप केलं गेलं. पंख मारून सुरक्षित उडण्याची मर्यादा तिथे साधारण ५.१ मीटर पंखविस्तार निघाली. सँडर्सी त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे तो पंख मारत फार वेळ उडत नव्हताच, तरंगत होता. पंख लांब आणि अरुंद, शर्यतीच्या ग्लायडरसारखे. खांद्याच्या सांध्याची रचनाही अशी की पंख फार वर नेता येत नसत.

अल्बट्रॉस जे करतो ते हाही करत असणार. लाटांच्या लगत वारा मंद असतो, दहा-पंधरा मीटर वर जोरात. पक्षी वाऱ्याला तोंड देत वर चढतो, वळतो, वाऱ्याबरोबर खाली येतो, पुन्हा वळतो. दोन थरांच्या वेगातला फरक हेच त्याचं इंधन.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. ‘सात मीटर’ सरळ लिहू नये. हाडं सापडली, पिसं सापडली नाहीत. टोकाची पिसं किती लांब धरायची यावर सगळं अवलंबून आहे. सेप्काने वेगवेगळ्या गृहीतकांनी हिशेब करून ६.१ ते ७.४ मीटर अशी कक्षा दिली आहे. वजनही २२ ते ४० किलो. आपला माळढोक नर १५ किलोच्या आसपास असतो आणि तो उडणाऱ्या भारी पक्ष्यांत मोडतो.

पुळणवाट

@चक्रीदोर, दुरुस्ती मान्य आणि मनापासून आभार. ‘६.१ ते ७.४ मीटर’ असंच वाचावं. मी मोठ्या आकड्याच्या मोहात पडले, तसं व्हायला नको होतं.

पाणकावळा

लेख आवडला. मात्र चक्रीदोर यांच्या अल्बट्रॉसच्या मुद्द्याला जोड देतो, कारण इथे २०२२ मध्ये चित्र बदललं.

युसुके गोतो आणि सहकाऱ्यांनी महाकाय पक्षी आणि उडते सरीसृप कुठल्या प्रकारे तरंगत असावेत याचा हिशेब केला. दोन प्रकार वेगळे मोजले. एक, वर सांगितलेला लाटांवरचा अल्बट्रॉसचा प्रकार. दुसरा, तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या स्तंभात घिरट्या घेत उंच जायचं आणि मग लांबवर घसरत यायचं, घारी-गिधाडांसारखं. पेलागॉर्निस सँडर्सी लाटांवरच्या प्रकारात कमी पडला. मात्र समुद्रावरच्या उष्ण स्तंभांत तो उत्तम बसला. समुद्रावर हा प्रकार आज कोण वापरतं? फ्रिगेट पक्षी!

पुळणवाटताई, तुम्हाला पुळणीवर पडलेला पक्षी पाहून पेलागॉर्निस आठवला, तो उगाच आठवला नाही. आज जिवंत असलेल्यांत त्याच्या उडण्याच्या पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारा पक्षी तोच असावा.

फ्रिगेटबद्दलही सांगतो. हिंदी महासागरातल्या मोठ्या फ्रिगेटना यंत्रं लावून २०१६ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात काही पक्षी दोन महिन्यांपर्यंत न उतरता हवेतच राहिले. ढगांच्या खाली चढत्या हवेत वर जायचं, मग किलोमीटरच्या किलोमीटर घसरत जायचं. त्याची पिसं पाण्याला नीट टिकत नाहीत, त्यामुळे समुद्रावर आयुष्य काढूनही तो पाण्यावर बसत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात ते या जगण्यातून वादळाने बाहेर फेकलेले असतात. म्हणूनच तुमच्या काकांनी खडकावरून, वाऱ्याकडे तोंड करून सोडलं ते अगदी योग्य झालं.

चक्रीदोर

@पाणकावळा, हा अभ्यास माझ्या नजरेतून सुटला होता. वाचला. पटला. पंख लांब असले तरी अंगाच्या मानाने भार आणि पंखाचं क्षेत्रफळ यांचं गणित अल्बट्रॉसहून वेगळं पडतं, हे मी धरायला हवं होतं. माझा वरचा परिच्छेद त्या मर्यादेने वाचावा.

मग जमिनीवरून उठायचं कसं, या ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सेप्काचं म्हणणं असं की उतारावरून समोरच्या वाऱ्यात धावत सुटायचं, किंवा कड्यावरून स्वतःला वाऱ्यात झोकून द्यायचं. आम्ही ग्लायडर टेकडीवरून सोडतो त्याच तत्त्वाने. सपाट, निवांत जागी अडकला तर त्याचं अवघड होतं.

मोगरी

माझा अभ्यास नाही, पण धागा दोनदा वाचला. हे पक्षी कोणाचे नातलग? पेलिकनचे की अल्बट्रॉसचे? फोटोत तर पेलिकनसारखी चोच दिसते.

पाणकावळा

@मोगरी, दीडशे वर्षं जाणकारही याच दोन उत्तरांत फिरत होते. पहिलं हाड फ्रान्समधलं, एदुआर लार्ते यांनी १८५७ मध्ये वर्णन केलेलं, आणि तेही दंडाचं एकच हाड. मग १८७३ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी इंग्लंडच्या शेपी बेटावरच्या चिकणमातीतून आलेली दातेरी कवटी जगासमोर आणली. १९१६ मध्ये नायजेरियातलं छातीचं मोठं हाड आलं, त्याचं नाव जायगँटॉर्निस, आणि तेव्हा त्याची तुलना अल्बट्रॉसशीच झाली. तुकडे इतके विखुरलेले की जो तो आपापल्या तुकड्यावरून नातं जोडायचा.

अलीकडे कवटीच्या बारकाव्यांवरून एस्तेल बुर्दाँ, जेराल्ड मायर यांच्यासारखे अभ्यासक त्यांना बदकं, हंस आणि कोंबड्यांच्या शाखेजवळ ठेवतात. पेलिकनसारखं रूप हे सारख्या जगण्यातून आलं.

तुकड्यांवरून आठवलं. १९१० मध्ये स्पुल्स्की यांनी एका कवटीचं वर्णन केलं, ती कवटी एका ब्राझिलियन खलाशाकडून विकत घेतलेली. जगाच्या कुठल्या किनाऱ्यावरची, कुठल्या थरातली, काही कळायला मार्ग नाही. एवढा चांगला नमुना, आणि निम्मी गोष्ट त्या खलाशाबरोबर गेली. म्हणून कॅरोलिनाकर यांना कळकळीची विनंती, मुलाच्या बरणीवर ओढ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी चिठ्ठी.

कॅरोलिनाकर

आजच लिहितो. वेगळ्या पुड्या करतो. मुलाला कारणही सांगितलं, खलाशाची गोष्ट त्याला फार लागली.

दगडवाचक

भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द.

या कुळाची हाडं इतकी तुटक का मिळतात? हलकं होण्यासाठी हाडाची भिंत कमी-जास्त मिलिमीटरभर जाडीची, आत पोकळी. वर गाळाचे थर साचले की असं हाड पापडासारखं चेपतं. त्यामुळे उत्तर चिलीतला पेलागॉर्निस चिलेन्सिस, जो मायर आणि रुबिलार-रॉजर्स यांनी २०१० मध्ये वर्णिला, तो फार मोलाचा. सांगाड्याचा सुमारे ७० टक्के भाग एकाच पक्ष्याचा, आणि हाडं न चेपता मूळ गोलाईत राहिलेली. पंखविस्तार किमान ५.२ मीटर, आणि इथे अंदाजाला वाव फार थोडा.

माझा आवडता पक्षी मात्र सगळ्यांत लहान आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरीत, वाइपारा नदीच्या परिसरात, ली लव्ह या हौशी संग्राहकाला २०१८ मध्ये तो मिळाला. ६.२ कोटी वर्षांपूर्वीचा, आकार कुरव पक्ष्याएवढा. नाव प्रोटोडॉन्टोप्टेरिक्स रूथी. रूथ ही त्यांची पत्नी. नवऱ्याचं दगडांचं वेड इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल तिचं नाव. (आमच्या घरीही वऱ्हांडाभर दगड आहेत. हिने कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तिचं ऋण माझ्यावर आहे.) या पक्ष्याचे पंख अजून लांब झाले नव्हते, पण जबड्यावर सुळे होते. आधी सुळे आले, वाऱ्यावर जगणं मागून आलं. हा क्रम कुणी आधी सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता. याचे सुळे आखूड आणि रुंद, बहुधा मासे धरायला. पुढच्या मोठ्या जातींचं भक्ष्य मुख्यतः म्हाकूळ (स्क्विड) असावं असं या अभ्यासकांचं मत आहे.

६.२ कोटी म्हटल्यावर आपल्याला सह्याद्री आठवला पाहिजे. दख्खनचा लाव्हा मुख्यतः ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिला. तो निवून चाळीसेक लाख वर्षं जातात न जातात तोच जगाच्या दुसऱ्या टोकाला हा कुरवाएवढा पक्षी मासे पकडत होता.

आंबेघाट

सर, मग आपल्या कोकणात शोधलं तर?

दगडवाचक

@आंबेघाट, कोकणातला बहुतेक खडक तोच लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यात समुद्री पक्ष्याचं हाड मिळायचं नाही. त्यासाठी त्या काळच्या समुद्रतळाचा गाळ हवा. तो आपल्या शेजारी आहे, कच्छमध्ये. तिथल्या हरुडीच्या थरांत आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळाले. अशोक सहानी आणि मिश्रा यांनी ते १९७० च्या दशकात वर्णिले. गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून जुन्या पक्ष्यांची हाडंही मिळालीत, ती जमिनीवरच्या लहान पक्ष्यांची. तरुण विद्यार्थ्यांनी कच्छच्या गाळात पातळ भिंतीच्या हाडांकडे विशेष लक्ष द्यावं, असं मी वर्गात नेहमी सांगायचो. देवमासा शोधताना असा चपटा तुकडा बाजूला टाकला जातो.

आणि म्युझियमचे खणही उघडून बघावेत. अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावरून १९८० च्या दशकात आणलेली हाडं कॅलिफोर्नियात पडून होती. पीटर क्लोस या विद्यार्थ्याने २०१५ मध्ये ती पाहिली आणि २०२० मध्ये निबंध आला. पायाचं हाड ५ कोटी वर्षांपूर्वीचं, जबड्याचा तुकडा ४ कोटी वर्षांपूर्वीचा, पंखविस्ताराचा अंदाज ६.४ मीटरपर्यंत. तेव्हा अंटार्क्टिकावर आजचा बर्फ नव्हता. झाडी होती, पिशवीवाले लहान प्राणी होते, किनाऱ्यावर पेंग्विनचे पूर्वज होते. आणि वर हे.

मोगरी

एवढं सगळं जमलेलं कुळ संपलं कशाने?

पाणकावळा

@मोगरी, शेवटचे अवशेष मोरोक्कोत, कासाब्लांकाजवळच्या अहल अल ऊघलम इथले, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचे. त्या सुमाराला पूर्व आफ्रिकेत दगडी हत्यारं घडवणारे होते, एवढ्या अलीकडची ही गोष्ट. पनामाच्या पट्टीने उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडल्या गेल्या, समुद्राचे प्रवाह बदलले, समुद्र गार होत गेले, मोठे समुद्री प्राणीही त्याच काळात बरेच संपले. पण या पक्ष्यांनी त्याआधीही हवामानाचे मोठे बदल पचवले होते, त्यामुळे एका कारणावर बोट ठेवणं मला योग्य वाटत नाही.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. काल रात्री धागा वाचला आणि आज पहिल्या तासाला मुलांना मैदानात नेलं. फक्कीने पक्षी आखला. पंखविस्तार ६.४ मीटर, अंटार्क्टिकातला. बॅडमिंटनचं दुहेरी मैदान ६.१ मीटर रुंद असतं, तेव्हा पक्षी त्याच्याही बाहेर गेला. एका पंखावर पाच मुलं आडवी झोपली. कवटी आखली, सुळे काढले, इंचभर उंचीचे. मुलं सुट्टीतही रेषेवर पाय देत नव्हती, वळसा घालून जात होती.

चौथीतल्या एका मुलीने विचारलं ते इथे मांडतो, कारण मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, “सर, सुळे मोठेपणी यायचे, तर पिल्लू म्हाकूळ कसं पकडायचं?”

पुळणवाट

@खडूफळा सर, वाचून डोळे भरून आले. तिला माझा खूप खूप आशीर्वाद सांगा. लुशार यांच्या निबंधात हाच प्रश्न आहे. सुळे फुटेपर्यंत पिल्लाची चोच मऊ असावी, कारण कठीण आवरणाखालून हाड असं वाढू शकत नाही. म्हणजे ते स्वतः शिकार करत नसावं. आई-बाप भरवत असणार, आणि तेही पिल्लू जवळजवळ पूर्ण वाढेपर्यंत.

खडूफळा

सांगितलं. ती मैदानात गेली आणि मोठ्या पक्ष्याच्या चोचीखाली एक लहान पक्षी काढून आली, तोंड उघडलेला, बिनसुळ्यांचा. उद्या शेजारी दगडवाचक सरांचा कुरवाएवढा पक्षी आखायचा आहे. फक्की संपत आलीय, आणतो.